बारावीच्या बाकावर कॉलेजची जमा

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाचा भाव, पीकविमा आणि थकलेले कर्ज यांवर बोलणे झाले. आता आम्ही जो विषय काढणार आहोत तो ऐकून काही जण कपाळाला आठ्या घालतील. शेतकऱ्याच्या बैठकीत कॉलेजची गोष्ट कशाला? कारण एवढेच की पोराच्या शिक्षणाचे एक वर्ष म्हणजे किती एकर पऱ्हाटी, हा हिशेब आपण कधी मांडलेला नाही. आज तो मांडू.

समजा, पोरगा किंवा पोरगी जिल्ह्याच्या गावी राहते. खोलीभाडे, मेस, बस, वह्या-पुस्तके मिळून महिन्याला सहा हजार धरा. दहा महिन्यांचे साठ हजार. फी यात धरलेली नाही. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता आणि मध्यम धाग्याचा ७,७१०. तो किती जणांच्या हाती पडला, तो विषय सकाळी झाला आहे. बियाणे, खत, फवारणी, डवरणी आणि वेचणी वजा जाता क्विंटलमागे हातात काय उरते ते तुम्हीच सांगा. आम्ही दोन हजार धरतो, म्हणजे कोणी आम्हाला रडका म्हणणार नाही. साठ हजारांना तीस क्विंटल लागले. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल आला तर सहा एकर झाले. सहा एकरांची वर्षाची कमाई, एका लेकराच्या एका वर्षाला. आणि ज्याच्याकडे चारच एकर आहेत?

म्हणून वर्ष वाचणे हा आपल्यासाठी पैशाचा प्रश्न आहे. जगात एके ठिकाणी शाळेत असतानाच कॉलेजचा काही भाग उरकून टाकण्याची रीत आहे, आणि ती चांगली रुळलेली आहे. तिच्याबद्दल आज सांगायचे आहे. तिचे गोडवे गायला आम्ही उभे राहिलेलो नाही. त्या रीतीत खड्डेही आहेत, तेही सांगणार आहोत.

आधी शब्द समजून घ्या. क्रेडिट म्हटले की आपल्या पोटात गोळा येतो. गावात क्रेडिट म्हणजे क्रेडिट सोसायटी, आणि सोसायटी म्हणजे नोटीस. कॉलेजातले क्रेडिट उलटे असते. ते देणे नाही, जमा आहे. विद्यार्थी एखादा विषय ठरलेले तास शिकला, पास झाला, की त्याच्या खात्यावर त्या विषयाचे ठरलेले क्रेडिट चढतात. पुढे दुसऱ्या विषयात तो नापास झाला तरी मागची जमा खात्यावर राहते. अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात, दोन वर्षांच्या लहान पदवीला ६०. बहुतेक विषय ३ क्रेडिटचे असतात आणि वर्षभरात ३० क्रेडिट जमले की विद्यार्थी वेळेवर चालला असे समजतात.

हे माप कुठून आले ती गोष्ट गमतीची आहे. पोलादाचा कारखानदार अँड्र्यू कार्नेगी याने १९०५ मध्ये कॉलेजच्या प्राध्यापकांना पेन्शन मिळावी म्हणून एक कोटी डॉलर दिले. पेन्शन वाटणाऱ्या संस्थेने कॉलेजांना अट घातली की, प्रवेश देताना विद्यार्थ्याचा शाळेतला अभ्यास एका मापाने मोजून घ्यायचा आणि असे १४ माप झाल्याशिवाय आत घ्यायचे नाही. एक माप म्हणजे एका विषयाचे वर्षातले १२० तास. पेन्शनच्या ओढीने कॉलेजे तयार झाली, आणि कॉलेजांच्या ओढीने शाळा. अभ्यासाच्या बाजारात मापाडी आला तो असा, गुरुजींच्या पेन्शनच्या वाटेने. पण एकदा माप ठरले की एका ठिकाणचा माल दुसऱ्या ठिकाणी चालतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

त्या देशात बारावीपर्यंतचे शिक्षण शाळेत होते. अकरावी-बारावीला तिकडे कॉलेज म्हणत नाहीत. मग हुशार पोरे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत तेच तेच घोकत बसतात आणि कॉलेजात जाऊन पहिल्या वर्षी पुन्हा तेच शिकतात, हे काही शहाण्या माणसांच्या लक्षात आले. त्यातून १९५० च्या दशकात एक परीक्षा निघाली, तिला ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट म्हणतात. १९५५ पासून ती कॉलेज बोर्ड नावाची संस्था चालवते. मुलगा शाळेतच राहतो, शाळेतच कॉलेजच्या तोडीचा विषय शिकतो आणि मे महिन्यात देशभर एकच परीक्षा देतो. गुण १ ते ५ मध्ये मिळतात. ३ किंवा त्याहून जास्त मिळाले की बरीच कॉलेजे तो विषय झाला असे मानून क्रेडिट देतात. काही कॉलेजे ४ किंवा ५ मागतात.

यात आम्हाला आवडलेली गोष्ट अशी की परीक्षा खुली आहे. शाळेत तो विषय शिकवत नसतील, पोराने घरी बसून अभ्यास केला असेल, तरी त्याला परीक्षेला बसता येते. आपल्याकडे १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीला बसतात ना, तसलाच हा प्रकार, फक्त एक पायरी वरचा. १७ नंबरच्या फॉर्मने आपल्या किती लेकी-सुना घरचे, शेतातले सगळे सांभाळून बारावी झाल्या ते आपण पाहिले आहे. पण परीक्षेला फी असते, आणि वर्षभर शिकलेले सारे एका सकाळी पणाला लागते. 

म्हणून दुसरी वाट निघाली. परीक्षा कशाला, सरळ कॉलेजचा विषयच घ्या! मुलगा नावाने शाळेत, पण एक-दोन विषय कॉलेजचे. पास झाला की तोच विषय शाळेच्या खात्यावरही चढतो आणि कॉलेजच्या खात्यावरही. एकाच वेचणीचा दोन वह्यांत हिशेब. त्याला तिकडे ड्युअल क्रेडिट म्हणतात. कनेक्टिकट विद्यापीठाने १९५५ मध्येच हे सुरू केले होते. पण राज्याने कायदा करून सगळ्यांना हक्क दिला तो १९८५ मध्ये, मिनेसोटा राज्यात. तिथला गव्हर्नर रूडी पर्पिच हा खाण कामगाराचा मुलगा. घरी क्रोएशियन भाषा, इंग्रजी शिकला तो शाळेत गेल्यावर. त्याच्या सरकारने नियम केला की अकरावी-बारावीच्या मुलाला कॉलेजने विषय शिकायला घेतले तर त्याची फी राज्य भरील, पुस्तकेही देईल, आणि तेवढा पैसा शाळेच्या अनुदानातून कमी होईल.

शाळांच्या मंडळांनी आरडाओरडा केला, आमचे पोर जाईल आणि आमचा पैसाही जाईल म्हणून. आपल्याकडे संस्थाचालकांच्या तोंडी हे वाक्य आपण ऐकलेले आहे. पण झाले असे की पोरे जातील या भीतीने अनेक शाळांनी स्वतःच कॉलेजच्या तोडीचे विषय सुरू केले. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ शकते म्हटल्यावर पहिला दुकानदार माप नीट करतो.

आता टेक्ससकडे येऊ, कारण ते आपल्या ओळखीचे पीक काढते. टेक्ससच्या पश्चिमेला लबक नावाचे शहर आहे. त्याच्या भोवती शेकडो किलोमीटर सपाट रान, कापूस आणि ज्वारी. अमेरिकेत सर्वांत जास्त कापूस याच राज्यात होतो. पाऊस वर्षाला साडेचारशे-पाचशे मिलिमीटर, म्हणजे आपल्या अकोला-यवतमाळपेक्षाही कमी. जमिनीखालचे पाणी उपसून उपसून खाली गेले, तेव्हा कोरडवाहू कापूस वाढत चालला आहे. ज्वारी तिकडे माणसे खात नाहीत, जनावरांना घालतात. हुरडा त्यांना माहीत नाही, बिचाऱ्यांना. त्यांच्या कापसाला सरकार जो टेकू देते त्यावर आज बोलत नाही. तो विषय निघाला तर रात्र पुरायची नाही.

लबकच्या पश्चिमेला लेव्हललँड म्हणून गाव आहे. तिथे साउथ प्लेन्स कॉलेज आहे, १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेले. ते लोकांच्या करातून चालणारे दोन वर्षांचे कॉलेज आहे. तिकडे त्याला कम्युनिटी कॉलेज म्हणतात. तिथे इंग्रजी-गणित शिकवतात, नर्सिंग, वेल्डिंग शिकवतात, आणि त्यांच्या मुलखातले गावरान संगीतसुद्धा शिकवतात. आपल्याकडे भजन-भारुडाचे क्रेडिट कोणी देईल का? असो. टेक्ससची भिस्त असल्या कम्युनिटी कॉलेजांवर आहे. खेड्यातल्या लहान शाळेतला अकरावीचा मुलगा कॉलेजचा विषय शिकतो तो तीनपैकी एका वाटेने. त्याच्या शाळेतल्याच शिक्षकाला कॉलेजने मान्यता दिलेली असते, किंवा दूरदर्शनसारख्या पडद्यावरून आणि संगणकावरून कॉलेजचा शिक्षक शिकवतो, किंवा मुलगा स्वतः कॉलेजात जातो.

२००६ मध्ये टेक्ससने कायदा केला की प्रत्येक शाळा-जिल्ह्याने मुलांना निदान १२ क्रेडिट कमावण्याची संधी द्यावी. १२ क्रेडिट म्हणजे जवळजवळ एक सत्र. २०१५ मध्ये किती विषय घ्यावेत यावरची मर्यादा काढून टाकली. २०२३ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. गरीब घरच्या मुलाला, म्हणजे ज्याला शाळेत मोफत किंवा सवलतीचे जेवण मिळते त्याला, या योजनेत सामील झालेल्या सरकारी कॉलेजांत हे विषय पूर्ण मोफत. देशभराचा आकडा सांगायचा तर २०२२-२३ मध्ये सुमारे २५ लाख शाळकरी मुले कॉलेजचे विषय शिकत होती. कम्युनिटी कॉलेजांत तर दर पाच विद्यार्थ्यांमागे साधारण एक विद्यार्थी अजून शाळेतला आहे.

आणखी एक प्रकार आहे. शाळा आणि कॉलेज एकाच आवारात. १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया कॉलेजात अशी शाळा निघाली, आणि ती हुशार पोरांसाठी नव्हती. शाळा सोडून जाण्याच्या बेतात असलेल्या मुलांसाठी होती. कॉलेजच्या आवारात बसवले की पोरगे स्वतःला मोठे समजते आणि मोठ्यासारखे वागते, असा अंदाज. २००२ नंतर अशा शाळा देशभर निघाल्या. त्यांना अर्ली कॉलेज म्हणतात. मुलगा बारावीसोबत दोन वर्षांची पदवीही घेऊन बाहेर पडू शकतो. जागा कमी आणि अर्ज जास्त, म्हणून बऱ्याच ठिकाणी चिठ्ठ्या टाकून प्रवेश दिले. त्यामुळे अभ्यासकांना आयतीच तुलना मिळाली. एकाच रानाचे दोन तुकडे, एकात नवे बियाणे, एकात जुने. चिठ्ठी निघालेली मुले कॉलेजात जाण्याचे आणि पदवी मिळवण्याचे प्रमाण चिठ्ठी न निघालेल्यांपेक्षा जास्त भरले. सरकारी जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा असल्या तुलनेवर आमचा विश्वास जास्त आहे.

आता खड्डे.

पहिला आणि सर्वांत मोठा खड्डा म्हणजे जमा झालेले क्रेडिट चालेल कुठे? पोराने शाळेत असताना चार विषय केले. बारावीनंतर त्याला इंजिनिअर व्हायचे आहे. विद्यापीठ म्हणते, तुझे चारही विषय आम्हाला मान्य, पण आमच्या शाखेला त्यांतला एकच लागतो, बाकीचे जादा म्हणून लिहून घेतो. जादा म्हणून लिहिलेला माल म्हणजे ग्रेडरने बाजूला काढलेला कापूस. वजन झाले, पैसे नाहीत. टेक्ससने यावर थोडा इलाज केला आहे. पदवीच्या पायाभूत विषयांचा ४२ क्रेडिटचा गठ्ठा ठरवला आहे, आणि तो सरकारी कॉलेजांत एकमेकांचा एकमेकांना मान्य करावाच लागतो. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विषयांना राज्यभर समान क्रमांकही आहेत. तरी खासगी विद्यापीठ किंवा परराज्यातले विद्यापीठ नाही म्हणू शकते. तेव्हा कुठल्या विद्यापीठात, कुठल्या शाखेत चालणार ते आधी विचारून मग विषय घ्यावा, असा सल्ला तिकडचे जाणते लोक देतात. विक्रीची सोय पाहून पेरणी करावी तसा.

दुसरी गोष्ट पालकांना कोणी सांगत नाही. हे गुण कायमचे असतात. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराने हौसेने कॉलेजचा विषय घेतला, झेपला नाही, नापास झाला, तर तो शेरा त्याच्या कॉलेजच्या नोंदीत राहतो. पुढे शिष्यवृत्ती किंवा सरकारी मदत मागताना तो आडवा येऊ शकतो. सातबाऱ्यावर बोजा चढतो तसा तो सोबत चालतो. म्हणून चांगल्या शाळा एका विषयापासून सुरुवात करायला सांगतात आणि मुदतीच्या आत विषय सोडण्याची वाट दाखवून ठेवतात.

तिसरा खड्डा खेड्याचा. कॉलेजचा विषय शिकवणाऱ्याकडे त्या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण असावे, निदान त्या विषयाचे १८ पदव्युत्तर क्रेडिट असावेत, असा तिकडे दंडक आहे. दंडक चुकीचा नाही. पण शंभर-दोनशे पोरांच्या खेड्यातल्या शाळेत असा शिक्षक कुठून आणायचा? शहरातल्या शाळेला तो मिळतो. परिणाम असा की ज्यांना वर्ष वाचवण्याची गरज सर्वांत जास्त, त्यांच्यापर्यंत ही सोय सर्वांत उशिरा पोचते. गरीब घरची आणि काळ्या वर्णाची मुले या वर्गांत त्यांच्या संख्येच्या मानाने कमी दिसतात, हे तिकडचेच अभ्यास सांगतात. आधीच ओलिताखाली असलेल्या रानालाच नवा कालवा मिळाला, असे व्हायला वेळ लागत नाही.

आता आपल्याकडे काय आहे ते पाहू. इथे मामला विचित्र आहे. कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ च्या काळात अभ्यास करून जो आराखडा मांडला, त्यावरून पुढच्या दशकात दहा अधिक दोन अधिक तीन ही रचना आली. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला आपण कनिष्ठ महाविद्यालय म्हणतो. पोरगी दहावी झाली की आपण पेढे वाटतो, पोरगी कॉलेजात गेली म्हणून. अनेक तालुक्यांच्या गावी ती खरोखरच कॉलेजच्या इमारतीत बसते. तेच ग्रंथालय, तीच प्रयोगशाळा. भिंतीपलीकडे बी.एस्सी.चा वर्ग भरलेला. पण कॉलेजच्या खात्यावर तिची जमा शून्य. अमेरिकेत पोर शाळेत बसून कॉलेजची जमा करते, आपले पोर कॉलेजात बसून शाळेचेच गुण जमवते. नाव मोठे आणि लक्षण खोटे, दुसरे काय!

त्यातही अकरावी-बारावीची अवस्था तुम्हाला ठाऊक आहे. नाव गावच्या ज्युनिअर कॉलेजात, पोरगा लातूर-नांदेडच्या शिकवणीत. हजेरी इथे, शिक्षण तिथे, आणि पैसे दोन्हीकडे.

केंद्राच्या कागदावर मात्र बरेच काही झाले आहे. जुलै २०२० मध्ये नवे शैक्षणिक धोरण आले. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने क्रेडिटची बँक काढली. कॉलेजच्या विद्यार्थ्याच्या नावाने बारा आकडी क्रमांकाचे खाते, त्यात क्रेडिट जमा, सर्वसाधारणपणे सात वर्षांपर्यंत वापरता येणारे. शिक्षण मध्येच सोडले आणि परत आले तर मागची जमा धरता येते. लग्न झाले म्हणून किंवा बाप गेला म्हणून दुसऱ्या वर्षाला शिक्षण सुटलेल्या पोरीसाठी ही लहान गोष्ट नाही. तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागू नये, एवढ्यासाठी तरी ही बँक नीट चालली पाहिजे. २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला. त्यात पाचवीपासून पीएच.डी.पर्यंत सगळ्या शिक्षणाला एकच माप लावले आहे. शिकण्याचे ३० तास म्हणजे एक क्रेडिट, वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट. वर्गातले तास, कामावरचा अनुभव, व्यवसाय शिक्षण सारे त्यात मोजता येईल असे म्हटले आहे.

पण नीट वाचा. माप एक केले, गोदामे वेगळीच ठेवली. बारावीपर्यंतचे क्रेडिट बारावीच्या पातळीचे, पदवीचे त्याच्या वरच्या पातळीचे. बारावीच्या पोराने पदवीच्या पहिल्या वर्षाचा एखादा विषय आधी उरकावा आणि प्रवेशानंतर तो पदवीत धरला जावा, अशी टेक्सससारखी सर्वांना खुली सोय आपल्या राज्यातल्या विद्यापीठांत नाही. बँक आहे, पण बारावीच्या पोराला त्यात भरणा करता येत नाही.

याच्या जवळ जाणाऱ्या वाटा आहेत, त्या आज वापरा. मद्रास आयआयटीने २०२० मध्ये घरबसल्या शिकण्याचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. त्यासाठी जेईई लागत नाही. अकरावीची परीक्षा दिलेल्या मुलालाही त्याची पात्रता परीक्षा देता येते आणि बारावी पास झाल्यावर तो प्रवेश घेतो. म्हणजे दार आधी उघडून ठेवता येते. गणित मात्र पक्के पाहिजे, आणि इंग्रजी समजले पाहिजे.

त्याहून आपल्या ओळखीची वाट तंत्रनिकेतनाची. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका, नंतर अभियांत्रिकीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. लोक म्हणतात यात वर्ष वाचते. हिशेब करा. दहा अधिक तीन अधिक तीन, सोळा. बारावीवरून गेला तर दहा अधिक दोन अधिक चार, तेही सोळाच. वर्ष वाचत नाही. पण तेराव्या वर्षाला पोराच्या हातात नोकरी मिळेल असा कागद असतो, आणि दुष्काळ पडला, घरी अडचण आली, तर तिथे थांबता येते. बारावीवाल्याला मध्ये थांबायला जागा नाही. आयटीआयचे दोन वर्षे केलेला मुलगा पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात जाऊ शकतो. बारावी विज्ञान झालेलाही जाऊ शकतो. म्हणजे आधी शिकलेले पुढे धरायचे, हे तत्त्व आपल्या राज्याने तंत्रशिक्षणात केव्हाच मान्य केले आहे. क्रेडिट हा शब्द तेवढा लावलेला नाही. मग बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.लाच का नाही, हा आमचा प्रश्न आहे. आपली बहुतेक पोरे तर तिथेच जातात.

मुलींचे वेगळे सांगतो. २०२४-२५ पासून राज्याने आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ केली आहे. चांगले झाले. पण फी माफ झाली तरी खोलीभाडे माफ होत नाही, आणि आपल्या घरांत मुलीचे शिक्षण थांबते ते फीपेक्षा बसमुळे, खोलीमुळे आणि "आणखी किती वर्षे" या प्रश्नामुळे. तीन वर्षांतले एक सत्र जरी तिने तालुक्याच्या गावी, घरून जाऊन-येऊन उरकले, तर बापाचे "आणखी किती" थोडे लहान होते.

मग मागायचे काय? पॅकेज नको, नवी योजना नको, योजनेचे कार्यालय तर मुळीच नको. दार उघडा एवढेच मागायचे.

आमच्या डोळ्यासमोर आहे ते असे. बारावीची परीक्षा मार्चमध्ये संपते. पदवीचे वर्ग जुलैच्या सुमारास भरतात. मधले तीन महिने पोर रिकामे असते. उलंगवाडी झालेली असते, मृगाला वेळ असतो, रानात उन्हाळी वखरणीपलीकडे फारसे काम नसते. तालुक्याच्या कॉलेजचे प्राध्यापक आणि इमारत तिथेच आहेत. या दिवसांत इच्छा असेल त्या पोराला पहिल्या वर्षाचे एक-दोन विषय शिकू द्या, परीक्षा घ्या, आणि बारावी पास होऊन प्रवेश घेतला की ते त्याच्या खात्यावर जमा करा. आम्ही ऐन नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हे मागत नाही, कारण तेव्हा वेचणीला माणूस मिळत नाही आणि पोरींनाच रानात नेले जाते, हे आम्हालाही दिसते. बारावीच्या अभ्यासावर ओझे टाकूनही मागत नाही.

मागताना दोन अटी आपणच घालायच्या. कुठला विषय कुठल्या पदवीत धरणार, हे विद्यापीठाने आधी लेखी द्यावे. नाही तर टेक्ससचा खड्डा आपल्याही वाट्याला येईल. आणि नापास झाला तर तो शेरा नोंदीत चढवू नये, पोराने तो विषय पुढे रीतसर करावा. तिसरी अट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. परीक्षा खुली ठेवा. जो त्या कॉलेजात बसून शिकला नाही, ज्याने घरी किंवा मुक्त विद्यापीठाच्या पुस्तकांवरून अभ्यास केला, त्यालाही ती देता आली पाहिजे. नाशिकचे मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, घरून शिकता येते हे त्याने दाखवून दिले आहे. परीक्षा बंद ठेवली की शिकवणीवाले दारात बसतात, हे बारावीत आपण पाहिलेच. परीक्षा खुली ठेवली तरी ते येतील, पण निदान त्यांच्या दारातून जाणे सक्तीचे राहणार नाही.

कोणी म्हणेल, पोरे आधीच कमी शिकून वर येतात, त्यांना कॉलेजचे विषय कसले झेपणार? सगळ्यांना झेपणार नाहीत. सगळ्यांनी घ्यावेत असे आम्ही म्हणतही नाही. पण कोणाला झेपेल आणि कोणाला नाही, हे मंत्रालयात बसून ठरवू नका. पोराला ठरवू द्या, परीक्षेला ठरवू द्या.

हे काम मंत्रालयापासून सुरू होत नाही. कुठला विषय पदवीत धरायचा ते विद्यापीठाच्या विद्या परिषदेत ठरते. अमरावती, नागपूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर, आपल्या भागाला लागतील ती विद्यापीठे एवढीच. तेव्हा प्रत्येक तालुक्याने पुढच्या बैठकीला येताना तीन गोष्टी लिहून आणा. आपल्या तालुक्यात ज्युनिअर आणि सीनिअर एकाच आवारात असलेली कॉलेजे किती आणि कोणती. तिथे पहिल्या वर्षाला शिकवायला कायम प्राध्यापक किती विषयांना आहेत आणि किती विषय तासिकेवर चालतात. आणि उन्हाळ्यात सकाळी सातला कॉलेजच्या गावी पोचेल अशी एसटी कोणत्या गावांहून आहे, कोणत्या गावांहून नाही. प्राचार्यांना भेटताना एकट्याने जाऊ नका, बारावीच्या चार पोरी आणि त्यांच्या आया सोबत न्या. याद्या हातात आल्या की विद्यापीठात जायची तारीख ठरवू.